भाऊराव काळमेघांची पिवळी खूण

भाऊराव काळमेघांना जिची किळस येत नाही अशी वस्तू जबलपूर शहरात असेलही, पण ती अजून कोणी त्यांच्यापुढे आणून ठेवली नव्हती. टपरीवरच्या चहाच्या ग्लासाला ते ओठ लावत नसत. वरून धार सोडत, आणि तो घोट असा गिळत की टपरीवाल्यालाच आपण काही भलतंच उकळलं की काय अशी शंका यावी. बसचा दांडा रुमालातून धरत. लग्नाच्या पंगतीत वाढप्याचा अंगठा वरणात बुडालाय का ते आधी पाहत, मग वाढप्याकडे पाहत, आणि बहुतेक वेळा नुसतं पाणी पिऊन उठत. "छी" हा त्यांचा शब्द. तो ते मोठ्यानं म्हणत नसत, नाकातून सोडत.

हे वाकडं तोंड त्यांना वारशानं मिळालेलं. वडील रामराव काटोलहून नोकरीसाठी आले तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. मग कोणीतरी नकाशावर रेघ ओढली आणि रामरावांचे भाऊ, शेत, कुलदैवत आणि संत्र्याची झाडं एका राज्यात गेली, रामराव दुसऱ्या राज्यात राहिले. "जायचं का परत?" असं बायकोनं विचारल्यावर रामरावांनी सामान काही बांधलं नाही, नुसतं तोंड वाकडं केलं. नोकरी पक्की होती ना. पुढे भाऊरावही रांझीच्या कारखान्यात लागले, आणि तोंड तर घरचंच होतं.

कारखान्यात फौजेच्या गाड्या बनत. भाऊराव ब्रेकच्या विभागात. चौतीस वर्षं ब्रेक, म्हणजे चौतीस वर्षं ड्रम. चाकाच्या आत एक लोखंडी डबा, त्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या. पाय दाबला की पट्ट्या फाकून डब्याला आतून घासतात आणि गाडी थांबते. पण त्या घासण्यातून जी काळी भुकटी पडते ती बाहेर जात नाही, आतच साठून राहते, आणि ज्या माणसाला तो डबा उघडायचा असतो त्याच्या नाकात जाते. संध्याकाळी नाक शिंकरलं की रुमाल काळा. थुंकलं की काळं. सुटीच्या दिवशीसुद्धा उशीचा अभ्रा काळा. भाऊरावांचं ड्रमबद्दल मत असं, की इंजिन बिघडलं तर ओरडतं, टायर फुटला तर बसतो, सगळ्या गाडीला काहीतरी लाज असते. ड्रमला नसते. तो वरून गुळगुळीत दिसतो आणि आतली घाण आतच मुरवत राहतो.

कारखान्यातल्या एका गोष्टीचा मात्र त्यांनी कधी तिटकारा केला नाही. ती वस्तू नव्हती, रीत होती. एक माणूस बोल्ट आवळायचा. दुसरा माणूस ठरलेल्या जोराला कट् असा आवाज करणारा पाना लावून तो तपासायचा आणि बोल्टावरून खालच्या लोखंडावर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायचा. पुढे बोल्ट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. पण खरी गोष्ट ही, की आवळणारा आणि पिवळा लावणारा माणूस एक कधीच नसायचा. आपलं काम आपणच पास करायचं म्हणजे आपलंच उष्टं आपणच चाखून वा वा म्हणायचं. शेवटची सोळा वर्षं भाऊराव पिवळा लावणारे होते. उजव्या तर्जनीच्या नखाखाली पिवळी रेष कायमची बसली होती. जेवायला बसताना ते त्या नखाकडे पाहून "छी" करत, आणि तेवढ्याच एका "छी"मध्ये थोडी माया असे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी अधारतालच्या रस्त्याला पत्र्याची शेड घेतली आणि जुन्या गाड्यांच्या ब्रेकची कामं सुरू केली. तिथे अडचण आली. शेडमध्ये माणूस एकच, भाऊराव. मग आवळणार कोण आणि तपासणार कोण? त्यावर त्यांनी जो तोडगा काढला तो ऐकून अधारतालचे दुकानदार हसले, पण भाऊरावांना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. संध्याकाळी ते मळक्या सदऱ्यात बोल्ट आवळत. मग रांझीला घरी जाऊन आंघोळ करत, जेवत, झोपत. सकाळी पांढरा धुतलेला सदरा घालून येत आणि कालच्या माणसाच्या कामाकडे असं पाहत, जणू त्याची न् आपली ओळखच नाही. "कोण होता बे हा? बोल्ट पुसला नाही," असं स्वतःशी पुटपुटत. पाना कट् वाजला की पिवळा. नाही वाजला तर पांढरा सदरा उतरवून मळका घालायचा, पुन्हा आवळायचं, आणि गाडीला आणखी एक रात्र.

घरीही तेच. कुकरच्या दांडीच्या स्क्रूला पिवळं, पंख्याच्या नटाला पिवळं, गॅसच्या नळीच्या क्लिपला पिवळं. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई म्हणत, "माझ्या कपाळाला तेवढं लावायचं राहिलं." पण कुकरचा स्क्रू ढिला झालेला रेघेवरून ओळखायला त्याही शिकल्या होत्या.

२०११ची दिवाळी झाली आणि सत्यभामाबाईंच्या बहिणीचा मुलगा विष्णू शेडवर आला. दीक्षितपुऱ्यात त्याचं टेंट हाऊस होतं, म्हणजे मंडप, खुर्च्या, गाद्या, आणि हे सगळं वाहून न्यायला लिलावात घेतलेला एक जुना फौजी ट्रक. विष्णूला मराठी सगळं समजे, बोलताना मात्र ते अर्ध्या वाटेत त्याच्या हातून निसटे.

"मावसाजी, पीछे के ड्रम निकाल दो. डिस्क लावून द्या."

"काहून? ड्रमनं तुझं काय बिघडवलं?"

"बिघडवलं म्हणजे? जेठात वळवाचा पाऊस आला ना, नाल्यातून गाडी काढली. ब्रेक मारला तर गाडी चालूनच राहिली! सीधी पंडाल में घुस गई. नवरदेव घोड्यावर होता म्हणून वाचला."

"नवरदेव वाचला याचा आनंद सांगून राहिला का दुःख?"

"अरे मजाक नही, मावसाजी. ड्रममध्ये पाणी भरते. आणि डिस्क दिसते पण भारी, चाकातून. लाल रंग मारू म्हणतो."

"छी," भाऊराव म्हणाले. पण तेवढ्यात ते मागच्या चाकापाशी जाऊन वाकलेही. उभ्या जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना ड्रम काढून फेकायला सांगत होतं.

संध्याकाळी घरी सत्यभामाबाईंनी दिवस ठरवूनच टाकला. आवळीनवमीला महिला मंडळाच्या बायका बरगीच्या वाटेवरच्या एका बागेत आवळीभोजनाला जाणार होत्या. झाडाखाली पूजा, झाडाखाली जेवण. ट्रक विष्णूचाच ठरला होता. बाग एका घाटीच्या खाली होती, आणि घाटीचा उतार असा, की बैलसुद्धा तिथे दोनदा विचार करतात.

"अठरा बायका आहोत, त्यात मी एक," सत्यभामाबाई म्हणाल्या. "थांबली पाहिजे गाडी."

"मी पास म्हणीन तेव्हाच निघंल," भाऊराव म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं यापुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागचा ड्रम उतरवला. जाम बसलेला. हातोडी मारून, तेल सोडून, पुन्हा हातोडी मारून तो एकदाचा निघाला, आणि त्याच्याबरोबर ओंजळभर काळा शिरा बाहेर पडला. आसाच्या सिलमधून गळलेलं तेल, पट्ट्यांच्या लायनिंगची भुकटी, नाल्याचा गाळ, मंडपाच्या सुतळीचे तुकडे, आणि त्यात अर्धी पाल. उरलेली अर्धी कुठं गेली याचा विचार करायचं भाऊरावांनी नाकारलं. वास असा, की समोरचा पानवाला येऊन विचारून गेला, "दादा, कुछ मर गया क्या?"

"मरेल कशाचं," भाऊराव नाकाला रुमाल लावून म्हणाले. "हे जिवंत असतानाच असं असते."

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी ताट, आणि कॅलिपर म्हणजे ते ताट दोन्ही बाजूंनी पकडणारी सांडशी. सगळं उघडं. पाणी आलं तर झटकून जातं, भुकटी पडली तर वारा नेतो, काय झिजलं ते वाकून पाहिलं की दिसतं. सांडशा विष्णूनं भंगारबाजारातून आणल्या, आणि आणतानाच लालभडक रंगवून आणल्या. भाऊरावांनी त्या दोन बोटांत अशा उचलल्या, जशी काही मघाची उरलेली अर्धी पाल सापडली.

"हा रंग खरवडून काढ."

"मावसाजी, सोळा घंटे लागले सुखायला!"

"मग काढायला तेवढे नाही लागणार. त्या रंगाखाली चीर आहे का भेग आहे, मला काय स्वप्न पडणार आहे? लिपस्टिक लावलेली वस्तू मी गाडीला लावत नाही."

रंग निघाला. जुन्या आसावर सांडशी बसवायची तर मधे जाड लोखंडी पट्टी लागते. अशा दोन पट्ट्या लेथवाल्या खराद्याला करायला सांगितल्या, एकेकीला चार बोल्ट. वरच्या ब्रेक-तेलाच्या भांड्यात एक बटणाएवढी झडप असते. ड्रमसाठी ती नळीत थोडा दाब कायम ठेवते. ती तशीच राहिली तर डिस्कची सांडशी कधी सुटतच नाही, चाक घासून घासून तापतं. ती भाऊरावांनी आठवणीनं काढली, तळहातावर घेऊन पाहिली, आणि "छी" करून डब्यात टाकली. हँडब्रेकची तार सांडशीच्या दांड्याला जोडण्यात चार दिवस गेले. भाऊरावांना त्या दिवसांत भूक लागू लागली, ही गोष्ट सत्यभामाबाईंनी शेजारणीला मुद्दाम सांगितली.

नवमीला दोन दिवस उरले तेव्हा डावी बाजू पुरी झाली. अष्टमीच्या सकाळी पांढऱ्या सदऱ्यातल्या भाऊरावांनी तिच्या चारही बोल्टांवर कट् ऐकून पिवळ्या रेघा ओढल्या. उजवी पट्टी मात्र खराद्यानं रखडवली. ती आली अष्टमीच्या संध्याकाळी. भाऊराव तिला सांडशी टांगून चार बोल्ट हातानं फिरवून लावत होते तेवढ्यात घरून फोन आला.

"या लवकर," सत्यभामाबाई म्हणाल्या. "कोहळं फोडायचं आहे."

"फोड मग."

"मी? बाईमाणूस कोहळं फोडते का कधी? पहिला घाव माणसाचाच पाहिजे. उद्या पहाटे दानाला द्यायचं आहे, आणि घरात माणूस म्हणून तुम्हीच लिहिलेले आहात."

भाऊराव उठले. विष्णू तिथेच ट्रक धूत होता.

"हे चार आवळून ठेव. मोठ्या पान्यानं, पूर्ण जोर लावून. सकाळी मी तपासतो आणि पिवळा लावतो. समजलं?"

"बिलकुल, मावसाजी. आप जाओ, टेंशन मत लो."

मनातल्या मनात भाऊरावांना बरंही वाटलं. कितीतरी वर्षांनी आवळणारा एक आणि तपासणारा दुसरा, असं खऱ्या रीतीनं होणार होतं.

सकाळी सहाला ते पांढरा सदरा घालून पोचले तर शेडसमोर बायका हजर. सातची वेळ दिली होती. पण मंडळाच्या अध्यक्ष इंदिराबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या आणि त्यांना सातची वेळ म्हणजे सहा वाजता समजायची सवय होती. डबे, पातेली, सतरंज्या, केळीची पानं, हळदीचा, उदबत्तीचा आणि फोडणीचा वास. भाऊरावांच्या शेडला एवढा चांगला वास कधीच आला नव्हता आणि त्यांना तो सहन होईना.

"भाऊराव, बाराच्या आत नैवेद्य दाखवायचा आहे," इंदिराबाई म्हणाल्या. "बघायचं ते बघा पटकन. तुमच्या या लोखंडाला मुहूर्त नसला तरी आम्हाला आहे."

"बाईसाहेब, ब्रेक आहे. भाजी नाही चाखून पाहायला."

"भाजीला पण आम्ही एवढं वाकत नाही हो!"

बायका हसल्या. भाऊराव बॅटरी घेऊन चाकाखाली वाकले. डावीकडे पाहिलं: पिवळं, पिवळं, पिवळं, पिवळं. रेघा सरळ. उजवीकडे गेले. पिवळं, पिवळं, पिवळं, पिवळं. मागून कोणीतरी म्हणत होतं की भरीत सांडलं, कोणीतरी विचारत होतं की पुढे कोण बसणार. सोळा वर्षं हेच काम केलेला हात. पिवळं दिसलं की तो पुढच्या बोल्टाकडे सरकतो, पिवळ्यावर पुन्हा पाना लावणं म्हणजे लावणाऱ्याला खोटं म्हणणं. तो हात सरकला, आणि चारांनंतर पुढे बोल्टच नव्हता. भाऊराव उठले, गुडघे झटकले.

"पास," ते म्हणाले.

विष्णूनं गाडी काढली. पुढे मधे भाऊराव, खिडकीशी इंदिराबाई, कारण त्यांचे गुडघे. मागे सतरंज्यांवर सत्यभामाबाई आणि बाकीच्या जणी, पातेली मांड्यांमध्ये धरून. शहर ओलांडेपर्यंत दहा वेळा ब्रेक लागला, दहाही वेळा गाडी थांबली. "मक्खन!" विष्णू म्हणाला. मागून गाणी सुरू झाली होती. भाऊरावांनीसुद्धा, कोणी पाहत नाही असं बघून, पायाखालच्या पत्र्यावर बोटानं ताल धरला.

बरगीचा रस्ता लागला. घाटी अगदी जवळ आली. इंदिराबाईंनी पिशवीतून प्रसादाचा पेढा काढून त्यांच्यापुढे धरला. भाऊरावांनी सवयीनं आधी स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. हात स्वच्छ होता. तर्जनीचं नखही स्वच्छ. काल रात्री नखाखालचा, एरवी न निघणारा पिवळा त्यांनी कोहळ्याच्या दानासाठी चुना लावून घासून काढला होता. एवढं स्वच्छ नख पाहून त्यांना समाधान वाटलं. पेढा त्यांनी उचलला, तोंडापाशी नेला आणि तिथेच धरून ठेवला.

आज त्यांनी रंगाची डबी उघडलीच नव्हती.

"विष्णू," ते हळू म्हणाले. "उजवीकडचा पिवळा कोणी लावला?"

"मीच, मावसाजी." विष्णू खूश होता. "तुम्ही गेल्यावर पाहिलं ना, एका बाजूला लावलेला, दुसऱ्या बाजूला नाही. अच्छा नही लग रहा था. म्हटलं मॅचिंग करून टाकू. सेम टू सेम जमलं की नाही?"

"आणि बोल्ट? आवळले?"

"आवळले ना! दोन तर एकदम टाइट. वरच्या दोघांना स्प्रिंगचे पाटे आडवे येत होते, पाना बसतच नव्हता. ते हातानं फिरवले, पूरा दम लगाके."

भाऊरावांनी पेढा सदऱ्याच्या खिशात टाकला. हे त्यांच्या हातून झालं, यावरून इंदिराबाईंनाही समजलं की काहीतरी फार बिघडलंय.

"ब्रेकला पाय लावू नको. हँडब्रेकला हात लावू नको. गिअर पाड. आणखी पाड. त्या चढावर घे, आपोआप थांबू दे."

ट्रक चढावर कण्हत थांबला. थांबताना मागून ठक् असा एक आवाज झाला. गाणं बंद पडलं.

चाकामागे दगड लावून भाऊराव पांढऱ्या सदऱ्यासकट खाली घुसले. वरचा एक बोल्ट नव्हताच, शहरात कुठंतरी पडला होता. दुसरा अर्धा बाहेर आला होता, आणि त्याच्या डोक्यावर विष्णूची पिवळी रेघ तशीच लखलखीत, जणू काही झालंच नाही. खालचे दोन होते त्यांच्या जिवावर ती सांडशी लोंबकळत होती आणि चाकाला आतून घासून तिनं चांदीसारखा चट्टा पाडला होता. घाटीच्या उतारावर एकदा जोरात पाय दाबला असता तर ते दोनही गेले असते. मग सांडशी चाकात अडकली असती, किंवा तेलाची नळी तुटली असती. यातलं आधी काय झालं असतं हे भाऊरावांना नक्की सांगता आलं असतं. चौतीस वर्षं त्यांनी तेच केलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा बायका उतरून भोवती उभ्या होत्या. झालेला प्रकार त्यांनी चार वाक्यांत सांगितला.  मग इंदिराबाईंनी हात जोडले.

"भाऊराव, तुम्ही होतात म्हणून बरं. नाहीतर आज अठरा घरी..."

"मी होतो म्हणूनच," भाऊराव म्हणाले.

"असं काहून म्हणता? वेळेवर धरलं ना तुम्ही!"

"अहो बाई, मी पास म्हटलं होतं. पाना न लावता. रंग पाहून." त्यांचा आवाज चढला. "या गाढवानं रंग लावला, ठीक आहे, तो रंग लावणाराच आहे, त्यानं सांडशीलाही लाली लावली होती. पण पाहणारा मी होतो. छी!" या वेळी ते नाकातून आलं नाही. "छी छी छी!"

"जाऊ द्या हो, दादा तर देवमाणूस आहेत," मागून एकीनं म्हटलं. दुसरीनं त्यांच्यापुढे पाण्याचा गडू धरला. एवढं कौतुक त्यांचं आयुष्यात कधी झालं नव्हतं. ते त्यांना ड्रममधल्या त्या काळ्या शिऱ्यासारखं वाटलं, बोटांना चिकटणारं, पुसलं की आणखी पसरणारं.

त्यांच्या पेटीत जादा बोल्ट होते. जादा बोल्टाशिवाय भाऊराव देवळातही जात नसत. पाट्यांच्या मागून जाणारा वाकडा पाना होता. अर्ध्या तासात त्यांनी उजव्या बाजूचे चारही आवळले. विष्णूनं इंजिन सुरू करायला चावी घातली.

"थांब," भाऊराव म्हणाले. "तपासायचं आहे."

"तर तपासा ना, मावसाजी."

"मी आवळले. मी नाही तपासणार."

"मग मी पाहू?"

भाऊरावांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागे सरकून केळीच्या पानांवर बसला. रस्ता रिकामा. ऊन चढत होतं. इंदिराबाईंनी घड्याळ पाहिलं. उद्या सकाळपर्यंत ट्रक इथंच राहील, आंघोळ करून येऊन पाहीन, असं काहीतरी भाऊराव बोलू लागले, आणि एका बाईनं स्पष्ट विचारलं की मग अठरा जणींचं वांग्याचं भरीत रस्त्यातल्या बाभळीला दाखवायचं का.

"आणा इकडे तो पाना," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"तुला काय कळते त्यातलं?"

"वीस वर्षं माझ्या कुकरला पिवळं लावून राहिले, अजून कळलं नसेल का? कट् वाजला की पास, नाही वाजला की नाही. एवढंच ना? का त्याला आणखी शिकावं लागते?"

त्यांनी पदर खोचला, सतरंजी ट्रकखाली सरकवली आणि आडव्या झाल्या. भाऊरावांनी बॅटरी धरली. उजवी बाजू: कट्, कट्, कट्, कट्. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं," भाऊराव म्हणाले.

"डावी?"

"डावीला माझा पिवळा आहे."

"हो का?" म्हणत त्या सरपटत डावीकडे गेल्याही. कट्. कट्. कट्. मग आवाज आला नाही. पाना वळत होता, थोडासाच, पाव फेऱ्याएवढा, मग कट्.

"हा हलला," त्या म्हणाल्या.

भाऊराव वाकले. रेघ त्यांचीच, बारीक आणि सरळ, आणि आता बोल्टावरचा तिचा तुकडा खालच्या तुकड्यापासून बोटभर सरकलेला. कारण त्यांना लगेच समजलं. गंज लागू नये म्हणून त्यांनीच पट्टीला खालून रंग दिला होता. बोल्टाखालचा तो रंग रस्त्यावर दाबून बसला आणि पकड सैल झाली. नवं काम थोडं चालवून पुन्हा आवळायचं असतं, ही नोकरीच्या पहिल्या वर्षात शिकायची गोष्ट. ती त्यांनी दुसऱ्यांना किती वेळा सांगितली असेल याचा हिशेब नव्हता. विष्णूच्या लाल रंगाला नावं ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या रंगानं हे केलं होतं.  ते रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकले आणि काळं आहे का म्हणून पाहिलं.

सत्यभामाबाई बाहेर आल्या, हात पाठीमागं धरून. बोटं तेलकट झाली होती.

"आठही वाजले. पास."

पण बायकांनी तो न वाजलेला आवाज ऐकला होता. घाटी आम्ही पायवाटेनं उतरतो, फार लांब नाही, असं इंदिराबाईंनीच जाहीर केलं, त्यांच्या गुडघ्यांसकट. पातेली तेवढी गाडीतून येऊ द्या. विष्णूच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकवल्या गेल्या. "चल रे मॅचिंगवाल्या," असं म्हणत सतरा जणी त्याला पुढे घालून निघाल्या. तो मागे वळून वळून म्हणत होता, "अरे दीदी, मैंने जानबूझ के थोडी किया!"

भाऊराव स्टिअरिंगवर बसले. दार उघडलं आणि सत्यभामाबाई वर चढल्या.

"तू कुठं?"

"बसते."

"त्यांच्यासोबत जा ना पायी."

"मी पास म्हटलं ना? म्हणायचं एकीनं आणि बसायचं पातेल्यांनी, असं कसं? चला."

भाऊरावांनी गिअर टाकला. उतार सुरू झाला. पहिल्या वळणावर त्यांनी पाय दाबला. मागची दोन्ही चाकं एकाच दमात, न फरफटता, न ओरडता मंद झाली, सांडशीनं ताट अलगद धरावं तशी. दुसऱ्या वळणावरही तसंच. तिसऱ्यावर खाली दरी दिसली, दगड दिसले, आणि बायकांची रांग दिसली, पदर डोक्यावर घेतलेली. इतके चांगले ब्रेक भाऊरावांच्या हातून जन्मात लागले नव्हते. पायाखाली ते जसजसे छान लागत गेले तसतशी त्यांची जीभ कडू होत गेली. सकाळीही गाडी अशीच थांबत होती. दहा वेळा.

घाटी संपली. आवळीची झाडं दिसू लागली. त्यांनी ट्रक बांधाशी उभा केला, इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला. 

"उतरू का?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"थांब. एकदा खाली पाहतो."

"मी पाहिलं ना."

भाऊरावांचा हात दाराच्या कडीवर होता. तो तसाच राहिला.

"हो," ते म्हणाले. "उतर."